उभी रेघ

नवा ताणा मागावर चढला की पहिल्या चार बोटांचं कापड साडीचं नसतं, तपासणीचं असतं. ते विणायला फार वेळ लागत नाही. पण येवल्यात घरोघरी माग लावून देता देता माझं एक ठाम मत झालंय. त्या चार बोटांत जो घाई करतो, त्याला पुढे कित्येक महिने तीच चूक डोळ्यांसमोर ठेवून विणावं लागतं.

मी स्वतः पैठणी विणत नाही. मी वही-फणी भरते, सांधणी करते, आणि कुणाच्या मागावर काही अडलं की बघायला जाते. आमचे सासरे हे काम करायचे, घरात सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. वही भरायला दोन माणसं लागतात. एकानं मागे बसून ताण्यातला एकेक धागा वेगळा करून द्यायचा, दुसऱ्यानं पुढून आकडा घालून तो ओढून घ्यायचा. लग्नानंतर मला त्यांच्या मागे बसवलं, आणि अण्णांचे डोळे थकले तशी मी पुढच्या जागेवर आले. सरकारनं २०१९-२० मध्ये हातमागाची गणना केली, तेव्हा देशात सुमारे २६.७ लाख विणकर आणि सुमारे ८.५ लाख सहायक कामगार मोजले गेले. मी त्या साडेआठ लाखांतली. ताणा काढणारे, रंग देणारे, कांड्या भरणारे, सांधणारे आम्ही सगळे त्यात आलो. साडीला बक्षीस मिळतं तेव्हा नाव विणकराचं येतं आणि ते यावंच, पण साडी सरळ उतरेल की नाही हे बरंचसं विणकर मागावर बसायच्या आधीच ठरून गेलेलं असतं.

ज्यांनी माग जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मागच्या रुळावर ताणा गुंडाळलेला असतो, म्हणजे साडीचे उभे धागे. तिथून पुढे येताना प्रत्येक धागा आधी एका वहीतून जातो. वही म्हणजे लाकडी पट्ट्यांवर ओळीनं बांधलेले दोरे, आणि प्रत्येक दोऱ्याच्या मधोमध एक छोटा डोळा. एका डोळ्यात एकच धागा. पुढे फणी असते, बारीक काड्यांची, त्या काड्यांमधल्या फटींना आम्ही घरं म्हणतो. फणीतून बाहेर आलेले धागे पुढच्या रुळाला बांधले की माग लागला. पायाखालचा पावडा दाबला की काही वह्या वर जातात, काही खाली येतात, धाग्यांचे दोन थर होतात आणि मधल्या वाटेनं धोटा बाणा, म्हणजे आडवा धागा, घेऊन पलीकडे जातो.

आता आकडे बघा, म्हणजे चुकायला किती जागा आहे ते कळेल. फणीचा नंबर म्हणजे दोन इंचांत किती घरं ते. १०० नंबरच्या फणीत इंचाला ५० घरं आणि घरात दोन धागे, म्हणजे इंचाला १०० धागे. ४८ इंचांची रुंदी धरली तर ४,८०० धागे झाले. प्रत्येक धागा एकदा डोळ्यातून आणि एकदा फणीच्या घरातून न्यायचा. त्यात एखादा डोळा सुटणं किंवा एका घरात तीन धागे पडणं ही काही जगबुडी नाही, चांगल्या हाताकडूनही ते होतं. प्रश्न असतो तो चूक कधी सापडते याचा.

आणि इथेच सांधणीची गोष्ट येते. एक ताणा विणून संपला की वही-फणी पुन्हा भरत नाहीत. जुन्या ताण्याची टोकं वही-फणीत तशीच ठेवतात आणि नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्या धाग्याला बोटांनी पीळ देऊन जोडतात, मग सगळं हळूच पुढे ओढून घेतात. हजारो धागे डोळ्यांतून ओवण्याचं काम त्यानं वाचतं. पण भरणीत राहिलेली चूकही त्याबरोबर नव्या ताण्यात जाते. पहिल्या ताण्याला जिथे रेघ पडली होती, तिथेच ती दुसऱ्याला पडते आणि तिसऱ्यालाही. अशा घरात गेलं की माणसं म्हणतात, "ताई, या मागाला ही रेघ आहेच, माग जुना झालाय." मागाचा काही दोष नसतो. कधीतरी भरणी करताना एक डोळा सुटलेला असतो आणि त्यानंतर कुणी मागे वाकून बघितलेलं नसतं.

तपासणी विणायच्या आधीच सुरू करावी. एक पावडा दाबून धरायला कुणाला तरी सांगायचं, आपण मागाच्या कडेला बसायचं, डोळे धाग्यांच्या उंचीला आणायचे आणि पलीकडून बॅटरीचा उजेड टाकायचा. वरचा थर वर, खालचा खाली आणि मधली वाट मोकळी दिसली पाहिजे. त्या वाटेत एखादा धागा लोंबकळत असेल तर त्याची तीन कारणं असू शकतात, आणि हात लावण्याआधी ती ओळखावीत. सुईच्या टोकानं तो धागा हळूच उचलायचा. शेजारचा धागाही बरोबर हलला तर दोघांनी वही आणि फणीच्या मध्ये एकमेकांना ओलांडलंय. धागा एकटाच उचलला गेला आणि सैल लागला तर तो ढिला आहे. आणि ताण बरोबर आहे, पण कुठलाही पावडा दाबला तरी तो वर जात नाही आणि खालीही येत नाही, तर तो वहीच्या डोळ्यातून न जाता दोन दोऱ्यांच्या मधून गेलाय.

ओलांडलेल्या धाग्यांचं काम सोपं असतं. पुढच्या रुळाला धागे झुबक्या-झुबक्यांनी बांधलेले असतात. त्यातला तो एकच झुबका सोडायचा, ते दोनच धागे फणीतून मागे ओढायचे, आपापल्या घरात घालायचे आणि झुबका पुन्हा बांधायचा. पण नवशिकी पोरं घाबरून अर्धी फणी उपसतात, आणि मग एका चुकीच्या चार होतात. जे बिघडलंय तेवढंच सोडायचं, शेजारच्या नीट बसलेल्या धाग्यांना हात लावायचा नाही, हे अण्णा फार कडक आवाजात सांगायचे. मीही तसंच सांगते.

मग विणायला घ्यायचं. बाणा ताण्याच्या उलट रंगाचा घ्यावा. जांभळ्या ताण्याला पांढरं सूत, पिवळ्याला काळं. चूक आपल्याला दिसली पाहिजे, म्हणून या कापडात रंगाची जुळवाजुळव बघायची नाही. पहिलं बोटभर कापड विणून सोडून द्यावं, कारण झुबक्यांच्या गाठींमुळे तिथे धागे एकत्र ओढलेले असतात आणि मध्ये फटी दिसतात. त्या खऱ्या नसतात, पुढे विणत गेलं की मिटतात. पुढची तीन बोटं विणून झाली की थांबायचं आणि कापडाखालून उजेड धरायचा.

आता जी चूक दिसेल ती उभी आहे की आडवी, हे आधी बघा. आडवी चूक विणताना झालेली असते. बाणा ढिला पडला, फणीचा ठोका कमी-जास्त बसला, कांडी संपली. ती त्या जागेपुरती असते आणि उसवून पुन्हा विणता येते. उभी रेघ मात्र माग लावतानाची असते आणि ती ताणा संपेपर्यंत सोबत येते. कापड उसवून ती जात नाही. उभ्या रेघेवर उपाय हवा असेल तर कापड सोडून मागे जायला लागतं, आधी फणीकडे, मग वहीकडे, मग रुळाकडे.

उभ्या रेघाही सगळ्या एकसारख्या नसतात. डोक्यात भांग पाडावा तशी नुसती फिकट, सरळ रेघ दिसली तर फणीचं एक घर रिकामं गेलंय. नुसती गडद रेघ असेल तर एका घरात तीन धागे आहेत. फिकट आणि गडद रेघ अगदी शेजारी-शेजारी असतील तर भरणी बरोबर आहे, फणीची एक काडी वाकलीय. एक घर रुंद झालं आणि शेजारचं अरुंद. चपट्या तोंडाच्या चिमट्यानं ती काडी हळूच सरळ केली की काम झालं. त्यासाठी धागे उपसणारी माणसं मी पाहिलीत, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं, कारण तासाभराची मेहनत ज्यासाठी केली ती चूक तिथे नव्हतीच.

चौथी रेघ ओळखायला अवघड. तिथे फट नसते, गर्दीही नसते, पण कापडात एक धागा इतरांपेक्षा जाड वाटतो. भिंगातून बघितलं तर तो एक नसतो, दोन असतात, बरोबर वर जाणारे आणि बरोबर खाली येणारे. रेशमाच्या मागावर धागे फार दाट असतात, म्हणून साध्या विणीलाही दोनाऐवजी चार वह्या लावतात. धागे एक, दोन, तीन, चार आणि पुन्हा एक, असे ओवत जायचे. पहिली आणि तिसरी वही बरोबर उठते, दुसरी आणि चौथी बरोबर. भरताना चौथ्या वहीचा एक डोळा सुटला तर तिसऱ्या वहीचा धागा आणि पुढचा पहिल्या वहीचा धागा शेजारी येतात, आणि दोघंही एकाच वेळी उठतात. म्हणून ते जोडीनं चालतात.

सुटलेला डोळा तिथे रिकामाच लटकत असेल तर नशीब चांगलं. एक नवा धागा त्या डोळ्यातून घालायचा, फणीत नेमक्या घरात न्यायचा आणि पुढे कापडात टाचणी टोचून तिच्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखा गुंडाळायचा. मागे तो धागा मागच्या दांडीवरून खाली सोडायचा. त्याची कांडी करून तिला वजन बांधायचं, लोखंडी नट चालतो. कापड पुढे गेलं की कांडी वर येते, मग थोडा धागा सोडून ती पुन्हा खाली करायची. ताणा संपेपर्यंत एवढी काळजी घ्यावी लागते, पण साडी स्वच्छ उतरते.

डोळाच नसेल, म्हणजे वहीवर त्या जागी दोराच नसेल, तर तो तिथल्या तिथे बांधायचा. हे काम माझ्या फार आवडीचं. पक्क्या पिळाचं सुती दोरं घ्यायचं, शक्यतो लाल, म्हणजे पुढच्या सांधणीला तो दोरा लगेच ओळखू येतो. दोरं दुमडून वहीच्या खालच्या पट्टीखालून घ्यायचं आणि दोन्ही पदर वर आणायचे. शेजारच्या दोऱ्याच्या डोळ्याचा तळ जिथे आहे, बरोबर त्या उंचीला पहिली गाठ मारायची. डोळ्याचं वरचं टोक जिथे आहे तिथे दुसरी. मग वरच्या पट्टीवरून घेऊन शेवटची गाठ आवळायची. सगळं कसब पहिल्या दोन गाठींत आहे. डोळा दोन दोऱ्यांच्या जाडीएवढा जरी वर राहिला तरी तो धागा खालच्या थरात नीट बसत नाही, धोटा त्याला घासत जातो आणि चार-पाच दिवसांत धागा तुटतो. म्हणून गाठ आवळण्याआधी डोळ्यात सुई घालायची, तीच सुई शेजारच्या दोन डोळ्यांतूनही न्यायची. सुई आडवी, सरळ राहिली की गाठ पक्की करायची.

फणीचं रिकामं घर साडीच्या मधोमध असेल तर मात्र खरा प्रश्न पडतो. पुस्तकी उत्तर असं, की तिथपासून जवळच्या काठापर्यंतचे सगळे धागे काढून एकेक घर सरकवून भरायचे. घर काठापासून दोन इंचांवर असेल तर मी तेच करते, दोनशे धागे काही फार नाहीत. पण वीस इंचांवर असेल तर २,००० धागे पुन्हा ओढायचे, त्यात नव्या चुका व्हायच्या, आणि रेशीम जेवढं हाताळावं तेवढं फुगतं. अशा वेळी मी त्या रिकाम्या घरासाठी दोन नवे धागे आणि वहीचे दोन नवे दोरे घालते, एक एकी वहीवर आणि एक बेकी वहीवर, म्हणजे साध्या विणीची पाळी मोडत नाही. काही जुने कारागीर याला ठिगळ म्हणतात. मला ते पटत नाही. कापडात ते दोन धागे कुठले, हे विणणाऱ्यालाही दाखवता येत नाही.

आणि काही चुका तशाच सोडून द्याव्यात, हेही तितकंच ठामपणे सांगते. तिसऱ्या वहीत जायचा धागा चुकून पहिल्या वहीत गेला, तर साध्या विणीत त्याचा काहीही परिणाम होत नाही, कारण त्या दोन्ही वह्या बरोबरच उठतात. कागदावर ती चूक आहे, कापडात नाही. धोट्याची वाट मोकळी असेल आणि कापड उजेडात स्वच्छ दिसत असेल तर त्या धाग्याला हात लावू नये. त्याच मागावर पुढे दुसऱ्या कुठल्या विणीचं काम घ्यायचं असेल तरच तो बदलावा.

सुती लुगड्याच्या मागावर काम केलेले लोक कधी कधी म्हणतात, बारीक फट पहिल्या धुण्यात बुजते, एवढं काय? सुती कापडाबाबत ते खरं आहे. पाण्यात सूत फुगतं, धागे सरकून जागा भरून काढतात. पैठणी कोण पाण्यात बुडवून धुतंय? शिवाय रेशमाला चमक असते, त्यावर उजेड पडला की उभी रेघ हातभरावरून दिसते. हातानं, तिल्ल्यांनी म्हणजे रंगीत धाग्यांच्या छोट्या कांड्यांनी पदर विणलेली पैठणी उलट्या बाजूनंही सुलट्यासारखीच दिसते, मागे धागे तरंगत नाहीत. ज्या कापडाला उलटी बाजूच नाही, त्यात चूक लपवायची कुठे? मोर आणि असावली कितीही सुरेख उतरले तरी बाई साडी अंगाला लावून आरशापुढे उभी राहिली की आधी तिला अंगावरची रेघ दिसते, आणि दुकानदार तेवढ्यावरून भाव पाडतो. महिनोन्‌महिने मागावर बसलेल्या माणसाच्या मजुरीतून ते पैसे जातात, म्हणून मला या रेघेचा इतका राग येतो.

ढिल्या धाग्यांबद्दल थोडं. एखादाच धागा ढिला असेल तर मागे त्याला दोऱ्याच्या फासात छोटं वजन अडकवलं की भागतं. पण काठाजवळची पट्टीच्या पट्टी ढिली पडत असेल तर ताणा रुळावर गुंडाळताना कडेचे फेरे घसरलेले असतात. ढिल्या भागाखाली रुळावर जाड कागदाची घडी सरकवून काही दिवस निभावतं. फार झालं असेल तर ताणा पुढे सोडून, दोघांनी धरून, मध्ये कागद घालत पुन्हा गुंडाळावा. पावसाळ्यात आणखी एक गंमत होते. पावड्याच्या सुती दोऱ्या ओल धरतात आणि आखडतात, वह्या कमी-जास्त उंचीला उठतात, आणि लोक भरणीत चूक शोधत बसतात. एकेका धाग्याऐवजी सगळा थरच वाटेत आला असेल तर भरणीकडे जाऊच नका, आधी पावड्याच्या गाठी बघा.

हल्ली नव्यानं माग घेणारी मुलं-मुली येवल्यात आणि आसपासच्या गावांत बरीच आहेत. त्यांना प्रशिक्षणात नक्षी शिकवतात, मोर शिकवतात, रंगांचा मेळ शिकवतात, आणि माग बहुतेक वेळा आयता लावून मिळतो. मग घरी पहिला ताणा संपला की त्यांची गाडी अडते. माझं म्हणणं एवढंच, की मोराच्या आधी त्यांच्याकडून वहीचा एक दोरा बांधून घ्यावा. मुद्दाम एक घर रिकामं सोडून द्यावं, एक धागा चुकीच्या वहीत घालावा, आणि त्यांना तो कापडावरून शोधायला लावावा. एकदा हे जमलं की माग बिघडला म्हणून हातावर हात धरून बसायची पाळी येत नाही, मोर कधीही शिकता येतो.

आणि दोन धागे वाढवून माग दुरुस्त केला असेल, तर ते कुठे वाढवले हे मागाजवळच्या भिंतीवर खडूनं नाही, तेलरंगानं लिहून ठेवा. कुठल्या काठापासून किती इंचांवर, कुठल्या वह्यांत, हेही लिहा. पुढचा ताणा काढायला द्याल तेव्हा तेवढे दोन धागे जास्त सांगा. नाहीतर सांधायला बसणाऱ्या बाईकडे लाल दोऱ्यातल्या धाग्यांना जोडायला काही उरणार नाही, आणि ती ते दोन डोळे रिकामे सोडून पुढे जाईल.